बरगडी मऊ का होत नाही? ओव्हनमधल्या पोर्क रिब्सवर वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांत ओटीजीत पोर्क रिब्स करणाऱ्यांची पत्रं जास्त आहेत, आणि तक्रार जवळजवळ एकच: चव बरी येते, पण मांस वातड राहतं. म्हणून सगळी जागा या एकाच विषयाला दिली आहे.

प्रश्न : किलोभर रिब्स आणल्या. बाजारातला बार्बेक्यू सॉस भरपूर चोळून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या आणि ओटीजीत 200 अंशांवर पाऊण तास भाजल्या. वरून काळ्याकुट्ट झाल्या, आत मांस हाडाला घट्ट चिकटलेलं. म्हणून आणखी वीस मिनिटं ठेवल्या, तर आणखीच चिवट झाल्या. नेमकं कुठे चुकलं? (टिळकवाडी, बेळगाव)

उत्तर : रिब्समध्ये दोन कामं असतात. एक मांस मऊ करणं, दुसरं वर रंग आणि चकाकी आणणं. पहिल्याला कमी आच आणि भरपूर वेळ लागतो, दुसऱ्याला मोठी आच आणि दहा-पंधरा मिनिटं. तुम्ही दोन्ही कामं एकाच आचेवर उरकायला गेलात, म्हणून एकही धड झालं नाही.

बरगड्यांमधलं मांस जनावराच्या प्रत्येक श्वासाला हलत असतं. त्यामुळे त्यात कोलॅजन नावाची चिवट जाळी भरपूर असते. मांस आतून 65-70 अंशांपर्यंत गेलं की धागे आखडतात आणि पाणी बाहेर टाकतात. तुमच्या रिब्स दाताखाली आल्या त्या याच अवस्थेत. इथेच बरेच जण हात टेकतात आणि ‘जास्त शिजलं’ असं समजतात. खरं तर ते कमी शिजलेलं असतं. 70 च्या पुढे कोलॅजन सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन व्हायला लागतं आणि 85 ते 95 अंशांच्या दरम्यान ते काम चांगला वेग घेतं. तेवढ्या आतल्या उष्णतेत मांस पुरेसा वेळ राहिलं की तेच धागे सुटे होतात, आणि जिलेटिनमुळे तोंडाला रसाळ लागतात. 200 अंशांवर उघडं ठेवलं तर तोवर वरचा थर वाळून जातो. सॉसमधली साखर तर त्याच्या कितीतरी आधी करपते.

आता किलोभर रिब्सचं माप आणि क्रम सांगतो.

आधी पापुद्रा काढा. पट्टी उलटी करा. हाडांच्या बाजूला पांढुरकी, चकचकीत, कागदासारखी कातडी दिसेल. एका टोकाच्या हाडावर चमच्याची मागची दांडी तिच्याखाली घाला आणि किंचित उचला. बोट जाईल एवढी फट पडली की कोरड्या कापडाने किंवा टिश्यूने घट्ट धरून दुसऱ्या टोकाकडे ओढा. नुसत्या बोटांतून ती निसटते, कापडाने पकड येते. बहुतेक वेळा अख्खी निघते. तुटली तर पुढच्या हाडापासून पुन्हा सुरुवात करा. ती राहिली तर मसाला त्या बाजूने लागत नाही आणि शिजल्यावर ती रबरासारखी दाताखाली येते.

मग कोरडा मसाला: बारीक मीठ 2 सपाट छोटे चमचे (साधारण 12 ग्रॅम), किसलेला गूळ किंवा गूळ पावडर 2 मोठे चमचे, ब्याडगी मिरचीची पूड 1 मोठा चमचा, मिरपूड 1 छोटा चमचा, भाजलेल्या धने-जिऱ्याची पूड 2 छोटे चमचे, मोहरीची पूड 1 छोटा चमचा आणि सात-आठ लसूण पाकळ्यांचं वाटण. रिब्स आधी अगदी कोरड्या पुसून घ्या, नाहीतर मसाला घसरतो. चोळून झाकून किमान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, रात्रभर ठेवल्या तर उत्तम. सॉसला मात्र अजून हात लावायचा नाही.

ओव्हन 150 अंशांवर पंधरा मिनिटं तापू द्या. फॉइलचे दोन थर पसरा, त्यावर बटर पेपर, त्यावर रिब्स, मांसाची बाजू वर. दोन मोठे चमचे पाणी आणि एक चमचा व्हिनेगर बाजूने सोडा. शिवण वरच्या बाजूला येईल असं फॉइल घट्ट दुमडा. बटर पेपर विसरू नका, कारण व्हिनेगर, चिंच, टोमॅटो आणि मीठ फॉइलला थेट लागून तासन्‌तास राहिले तर फॉइलला बारीक भोकं पडतात आणि मांसाला धातूची चव येते. पुडकं ट्रेमध्ये ठेवून ट्रे मधल्या किंवा त्याखालच्या खाचेत सरकवा. फॉइल कुठेही रॉडला टेकता कामा नये.

पाठीकडची पातळ बरगडी असेल तर सव्वादोन ते अडीच तास, पोटाकडची जाड असेल तर तीन तास. बऱ्याच ओटीजींचा टायमर साठ मिनिटांचाच असतो आणि तो संपला की रॉड बंद होतात, त्यामुळे मध्ये दोन-तीनदा फिरवावा लागतो. ‘अडीच तास ठेवलं तरी झालं नाही’ म्हणणाऱ्या काहींचं ओव्हन खरं तर तासाभरानंतर गारच पडलेलं असतं.

तयार झालं की नाही हे घड्याळापेक्षा मांसाला विचारा. मांस हाडाच्या टोकापासून बोटाच्या पेराएवढं मागे सरकलेलं दिसेल. दोन हाडांमध्ये टोकदार सळई घातली तर मऊ लोण्यात जावी तशी जाईल. चिमट्याने पट्टी मधोमध उचलली तर दोन्ही बाजू खाली वाकतील आणि वरच्या मांसाला भेग पडू लागेल. सळई अडली तर पुडकं पुन्हा बंद करून अर्धा तास द्या. ‘आता कोरडं होईल’ या भीतीने आच वाढवू नका; बंद पुडक्यात ते कोरडं होत नाही. उलट हाडं हातात निघून आली आणि मांसाचा भुगा होऊ लागला, तर मात्र वेळ जास्त झाला.

शेवटचं काम रंगाचं. फॉइल उघडून रस वाटीत ओतून घ्या. रिब्स जाळीवर, खाली ट्रे. ओव्हन 210 अंशांवर, वरचा रॉड चालू. सॉसचा पातळ हात फिरवा आणि पाच मिनिटं ठेवा, पुन्हा हात, पुन्हा पाच मिनिटं, तिसऱ्यांदा तसंच. एकदम जाड थर दिला तर तो वरून करपतो आणि आत ओला राहतो. या पंधरा मिनिटांत ओव्हनसमोरून हलायचं नाही, कारण तांबूस व्हायला आणि करपायला मध्ये दोनच मिनिटं असतात. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबून मगच हाडांच्या मधून सुरी चालवा.

प्रश्न : आमच्याकडे दुकानात मागितलं की कातडीसकट पोटाचा तुकडा देतात, नाहीतर सत्तुराने दोन-दोन इंचाचे तुकडे करून देतात. फोटोत दिसते तशी अख्खी पट्टी कशी मागायची? (खानापूर)

उत्तर : ‘बरगडीची पट्टी अखंड हवी, तोडू नका’ असं तोडायच्या आधी सांगा, सत्तूर एकदा पडला की उपाय नाही. शक्य असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. पाठीच्या कण्याजवळची पट्टी लहान, वाकडी आणि पातळ चरबीची असते. ती लवकर होते. पोटाकडची लांब, सपाट आणि चरबीदार. तिला वेळ जास्त लागतो, पण चव तिचीच भरते. पहिल्यांदा करणाऱ्यांनी पोटाकडचीच घ्यावी असं आमचं मत आहे, कारण वेळेत थोडी चूक झाली तरी चरबी सांभाळून घेते.

कातडी आली तर काढून टाका. बंद फॉइलमध्ये कातडी कुरकुरीत होत नाही, चिकट रबर होते. धारदार सुरी आडवी धरून कातडी सोडवा आणि मांसावर तीन-चार मिलिमीटर चरबी राहू द्या. सगळी चरबी खरवडून काढलीत तर मांस उघडं पडून कोरडं होईल. कातडी टाकून देऊ नका, ती वेगळी शिजवून रश्श्याला दाटपणा आणता येतो.

तुकडेच मिळाले तर तेही होतात. ते धुऊन हाडांचे बारीक कण नीट काढा, सत्तुराने तोडलेल्या हाडात ते हमखास असतात. खोलगट काचेच्या किंवा केकच्या भांड्यात एकच थर लावा, वर बटर पेपर आणि फॉइल घट्ट बांधा. 150 अंशांवर पावणेदोन तासांनी पहिल्यांदा तपासा.

प्रश्न : बाटलीतला बार्बेक्यू सॉस फार गोड लागतो. आपल्याकडच्या जिनसांतून करता येईल का? (निपाणी)

उत्तर : येईल, आणि बाटलीतल्यापेक्षा बरा होईल. बार्बेक्यू सॉसला आंबट, गोड, तिखट आणि थोडा कडवटपणा एवढंच लागतं, आणि ते सगळं या भागातल्या फडताळात असतंच.

एक बारीक चिरलेला कांदा आणि सहा लसूण पाकळ्या चमचाभर तेलात तांबूस होईपर्यंत परता. त्यात ब्याडगीची पूड 2 छोटे चमचे घालून फक्त दहा सेकंद हलवा. मिरची करपली तर सगळा सॉस कडू होतो. लगेच एक कप टोमॅटोचा गर, 60 ग्रॅम गूळ, चिंचेचा दाट कोळ 2 मोठे चमचे, व्हिनेगर 2 मोठे चमचे, मोहरीची पूड 1 छोटा चमचा, मिरपूड अर्धा चमचा आणि मीठ अर्धा चमचा घाला. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं आटवा. चमच्याच्या पाठीवर घेऊन बोटाने रेघ ओढा. रेघ मिटली नाही तर सॉस झाला. गार करून मिक्सरमध्ये फिरवा आणि गाळा.

ब्याडगी रंगासाठी आहे, ती फारशी तिखट नसते. झणका हवा असेल त्यांनी संकेश्वरी मिरचीची पूड पाव चमच्यापासून सुरू करावी. ती पहिल्या घासाला कळत नाही, मागून येते, म्हणून चाखून लगेच वाढवू नका. व्हिनेगर साधं पांढरं चालतं, पण चोर्ला घाटातून गोव्याकडे ज्यांची ये-जा असते त्यांनी माडाचं व्हिनेगर आणावं. त्याचा आंबटपणा सौम्य असतो आणि पोर्कला तो फार शोभतो. गूळ गडद रंगाचा घ्या. पिवळ्याधमक गुळाला नुसती गोडी असते. टोमॅटोऐवजी केचप वापरलात तर त्यात साखर आणि मीठ आधीच असतं, तेव्हा गूळ निम्मा करा आणि मीठ अगदी शेवटी चाखून घाला.

फॉइलमधल्या रसाचे तीन-चार चमचे, वरची चरबी काढून, या सॉसमध्ये आटवले तर चव एकदम बदलते. हा भाग वगळू नका.

प्रश्न : घरी ओटीजी नाही, कन्व्हेक्शनचा मायक्रोवेव्ह आहे. जमेल? (शहापूर, बेळगाव)

उत्तर : जमेल, पण पूर्ण वेळ फक्त कन्व्हेक्शनवर. मायक्रो किंवा कॉम्बिनेशन मोडवर फॉइल ठेवू नका, ठिणग्या उडतात. फॉइलचा धोका नकोच असेल तर झाकणाची, ओव्हनमध्ये चालणारी काचेची भांडी वापरा. फिरती थाळी लहान असते, म्हणून पट्टी दोन भागांत कापा. भांडं फिरताना भिंतीला अडकता कामा नये. आत पंखा असल्यामुळे आच जोरात लागते, तेव्हा 150 ऐवजी 140 अंश ठेवा.

प्रश्न : मध्येच लाईट गेली तर? आमच्याकडे रविवारी दुपारी हमखास जाते. (चिक्कोडी)

उत्तर : दार उघडू नका. तापलेलं ओव्हन आणि घट्ट फॉइल मिळून वीस-पंचवीस मिनिटं उष्णता धरून ठेवतात. लाईट आल्यावर जेवढा वेळ गेली तेवढा अधिक दहा मिनिटं वाढवा. पहिला तास झाल्यानंतर गेली आणि लवकर येईल असं दिसत नसेल, तर पुडकं सोडून रसासकट जाड बुडाच्या पातेल्यात काढा. अर्धी वाटी पाणी घाला, घट्ट झाकण लावा आणि गॅसच्या सर्वांत लहान बर्नरवर अगदी मंद ठेवा. सुरुवातीलाच लाईट गेली तर अर्धवट कोमट मांस तासन्‌तास ओव्हनमध्ये वाट पाहत ठेवू नका, सरळ गॅसवर घ्या. हेस्कॉमने दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहील असं आधी कळवलेलं असेल, तर मऊ करण्याचं काम आदल्या रात्री उरकून ठेवा. रंगाचं काम दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटांत होतं, आणि तेही नाही जमलं तर तव्यावर होतं.

आणखी एक. ओटीजी 1500 वॉटच्या वरचा असेल तर तो 16 अँपिअरच्या मोठ्या प्लगवरच लावा. मिक्सरच्या प्लगवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर अडीच तास चालवलात तर प्लग वितळतो.

प्रश्न : आधी कुकरला लावून मग ओव्हनमध्ये टाकलं तर वेळ वाचेल ना? (गणेशपूर, बेळगाव)

उत्तर : वाचेल. रिब्स पाण्यात बुडवू नका, नाहीतर चव पाण्यात जाते आणि उरतं ते उकडलेलं मांस. कुकरमध्ये पेलाभर पाणी, वर जाळी, त्यावर मसाला लावलेल्या रिब्स. एक शिट्टी झाली की आच बारीक करून पंधरा ते अठरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर मांस एकदम आखडतं. मग ओव्हनमध्ये सॉस लावून पंधरा मिनिटं. मांस मऊ होतं, पण मसाला मुरलेला, कडा किंचित चिकट झालेल्या, ही ओव्हनची गंमत त्यात येत नाही. घाई असेल तेव्हाच हा रस्ता.

प्रश्न : कच्ची पपई लावली तर मऊ होईल का? (बेळगाव)

उत्तर : लावू नका. पपईचा रस वरच्या थरावरच काम करतो. रात्रभर ठेवलात तर वरचं मांस पिठूळ होतं आणि हाडाजवळचं होतं तसंच चिवट राहतं.

प्रश्न : डुकराच्या मांसात जंत असतात म्हणतात. ओव्हनमध्ये मरतात का? आणि हाडाजवळ लालसर दिसलं तर कच्चं समजायचं का? (हुक्केरी)

उत्तर : काळजी रास्त आहे. पोर्क 63 अंशांपर्यंत शिजवून तीन मिनिटं तसंच राहू दिलं की सुरक्षित धरतात. रिब्स आपण आतून 90 अंशांच्या पुढे नेतो आणि तिथे बराच वेळ ठेवतो, त्यामुळे नीट शिजलेल्या रिब्समध्ये हा धोका राहत नाही. तरी विकत घेताना कच्चं मांस बघून घ्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, पाण्याने भरलेल्या पिशव्या आणि त्यात पांढरा ठिपका असं काही दिसलं तर ते मांस घेऊच नका. कच्च्या मांसाची सुरी आणि पाट कोशिंबिरीला लावू नका, आणि हात साबणाने धुवा.

हाडाजवळचा लालसर किंवा काळपट रंग हा कोवळ्या जनावराच्या हाडातल्या मज्जेचा असतो. गोठवलेल्या मांसात तो जास्त दिसतो. रंगावरून कच्चं-पक्कं ठरवू नका, सळईवरून ठरवा.

प्रश्न : ओव्हनमध्ये धुराचा वास येत नाही. घरात धुरी द्यायची तर कशी? (कॅम्प, बेळगाव)

उत्तर : रिब्स मऊ झाल्यावर, सॉस लावायच्या आधी. मोठ्या पातेल्यात रिब्स, मध्ये लहान वाटी, वाटीत लालभडक झालेला एक निखारा. त्यावर अर्धा चमचा तूप सोडा आणि लगेच झाकण लावा. पाच-सात मिनिटं पुरे, पुढे वास कडवट होतो. खिडक्या उघड्या ठेवा आणि निखारा नंतर पाण्यात विझवा. कोळशाची शेगडी बंद खोलीत पेटती ठेवायची नाही, तिचा विषारी वायू वासाने कळत नाही. ओव्हनच्या आत निखारा कधीही ठेवू नका.

प्रश्न : सासूबाईंना घरात डुकराचं चालत नाही. याच पद्धतीने बोकडाची बरगडी होईल का? (संकेश्वर)

उत्तर : छान होईल. छातीकडची बरगडी अखंड मागा. तिलाही वरचा पापुद्रा असतो, तो काढा. मसाल्यात गूळ निम्मा करा, आल्याचं वाटण एक चमचा वाढवा, आणि पाण्याऐवजी चार चमचे दही पातळ करून घाला. वेळ तेवढाच, कोवळा बोकड असेल तर दोन तासांनी तपासा. मटणाची चरबी गार झाली की टाळूला चिकटते, म्हणून ताटात गरमच वाढा.

प्रश्न : पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी करून ठेवता येतील का? आणि फॉइलमध्ये उरलेल्या रसाचं काय करायचं? (खानापूर)

उत्तर : आदल्या दिवशी केलेल्या रिब्स जास्तच नीट कापल्या जातात. मऊ झाल्या की पुडकं उघडून वाफ जाऊ द्या, दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. तीन दिवस चांगल्या राहतात. वाढायच्या आधी फॉइलमध्येच 150 अंशांवर पंचवीस मिनिटं गरम करा, मग सॉस आणि मोठी आच. फ्रिजमधून काढून थेट 210 अंशांवर टाकल्या तर वर करपतील आणि हाडाजवळ गारच राहतील.

रस वाटीत वेगळा गार करा. सकाळी वर पांढऱ्या चरबीचा थर आणि खाली थरथरणारी जेली दिसेल. जेली चांगली घट्ट धरली असेल तर कोलॅजन नीट विरघळलं समजा. पाण्यासारखी पातळ राहिली तर एक तर पाणी जास्त घातलं किंवा वेळ कमी पडला. चरबी उचलून बाटलीत ठेवा, बटाट्याच्या काचऱ्या तिच्यात परतल्या तर फार खमंग होतात. जेली दोन चमचे सॉसमध्ये घाला, बाकीची भातात. तांदूळ शिजवताना पाण्याचं माप तेवढं कमी करा, आणि मीठ घालायच्या आधी चाखा, कारण त्या रसात मीठ आधीच उतरलेलं असतं.